काशाची वाटी आणि सात सेकंदांचा हात

माझ्या सासूबाई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होत्या. रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्यांच्या तळपायांना काशाची वाटी घासून द्यायची. तेव्हा माझी फोर्टात नोकरी होती, डोंबिवलीहून रोजचं जाणं-येणं. हातात वाटी असायची आणि डोक्यात उद्याचा डबा, भिजत घालायचे मूग, महिनाअखेरचं काम. एका रात्री त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हळू कर गं. मला कळू दे."

मी हात हळू केला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण त्या काय म्हणाल्या ते नीट समजायला मला पुढे नऊ वर्षं लागली.

बावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या दरम्यान बऱ्याच जणांना होतो, त्यात बायका जास्त, आणि मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते. वेणी घालायला हात मागे जाईना. व्यायाम करून घ्यायला घरी एक तरुण मुलगी यायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काकू, खांदे खाली सोडा." मी म्हटलं, "सोडलेत की." तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर नुसते तळवे ठेवले. दाबले नाहीत, चोळले नाहीत, फक्त थांबली. अर्ध्या मिनिटाने माझे खांदे चांगले दोन बोटं खाली उतरले. ते वर होते हेच मला माहीत नव्हतं. किती वर्षं मी ते कानांशी धरून हिंडत होते कोण जाणे. खाली उतरले तशी मानेतून पाठीकडे एक ऊब पसरली, आणि मला सुख झालं. आखडलेला खांदा तसाच दुखत होता, पण त्या दुखण्याच्या शेजारीच हे सुख होतं.

त्यानंतर जे शिकत गेले ते इथे सांगते आहे. सासूबाईंचं "मला कळू दे" हेच त्याचं मूळ आहे. शरीराला सुख कळायला वेळ लागतो. तेवढा वेळ दिला, तर जे आपण रोज करतोच त्यातच ते सापडतं.

आधी एकच गोष्ट

बहुतेकांचं इथेच चुकतं. सोमवारपासून सगळं सावकाश करायचं ठरवतात आणि मंगळवारी सोडून देतात. घराला वेळा असतात. पाणी अमुक वेळेला येतं, मुलांची बस थांबत नाही, लोकल तर नाहीच नाही. त्या घाईशी भांडू नका. दिवस पळतोय तसा पळू द्या. त्यातली एकच गोष्ट निवडा, तुम्ही रोज करताच अशी, दहा मिनिटांच्या आतली. नवीन काही सुरू करू नका, नवीन गोष्टीचं ओझं होतं.

मला विचाराल तर तळपायापासून सुरुवात करा. मान, पाठ, पोट यांच्याकडे लक्ष नेलं की लगेच काळज्या वर येतात. पायाशी फारशा काळज्या नसतात. आणि पाय दिवसभर राबतो, पण त्याच्याकडे बघतं कोण?

वाटी

काशाची वाटी म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची. बूड गोल आणि गुळगुळीत हवं, कड नसलेलं, तळहातात मावेल एवढं. जुन्या भांड्यांच्या दुकानात मागा, आणि घेताना बोटाने टिचकी मारून बघा. कासं बराच वेळ नाद धरतं. घरात नसेल तर जाड, गोल बुडाची स्टीलची वाटी घ्या आणि आजच सुरू करा. वाटी मिळेपर्यंत थांबू नका.

रात्री झोपायच्या आधी, दिवे जरा कमी करून, पलंगाच्या कडेला किंवा बुटक्या खुर्चीवर बसा. मांडीवर जुना पंचा टाका. पाय कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. उजवा पाय डाव्या मांडीवर. गुडघा वळत नसेल तर पाय समोरच्या स्टुलावर ठेवा आणि हे काम घरातल्या कुणाकडून करून घ्या. अर्धा चमचा खोबरेल तेल, थंडीत तिळाचं कोमट किंवा साजूक तूप. आधी नुसत्या अंगठ्याने तेल पसरा. टाचेची भेग, चवड्याचं घट्ट झालेलं कातडं, बोटांमधल्या बेचक्या, सगळीकडे एकदा अंगठा जाऊन येऊ दे. मग वाटीचं बूड टाचेवर टेकवा आणि लहान लहान गोल करत पायाच्या कमानीतून चवड्याकडे या. दाब पुरी लाटताना देतो तेवढा. घाई झाली की वाटीचा आवाज बदलतो, खरखर येते. सावकाश चालली की तेलातून एक मऊ, घुमल्यासारखा आवाज येतो. मला अजूनही हाताच्या आधी कानाला कळतं की आपण घाई करतोय.

चारेक मिनिटं झाली की थांबा, आणि दुसऱ्या पायाकडे लगेच वळू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. खाली फडकं अंथरलेलं असू द्या, तेलाच्या पायाने फरशीवर उभं राहायचं नाही. डोळे मिटा. घासलेला पाय रुंद वाटेल, जड, गरम. बोटं एकमेकांपासून सुटी झालेली. दुसरा पाय अगदी पुसट लागेल, कुणीतरी पेन्सिलीने काढून खोडल्यासारखा. एक मिनिट तो फरक बघत राहा. दिवसभर आपण त्या दुसऱ्या पायासारखे असतो हे मला तिथे कळलं. मग दुसरा पाय घ्या.

वाटीचं बूड आणि तळवा काळपट होतो. आमच्याकडे म्हणतात, उष्णता निघाली. तो रंग खरं म्हणजे काशातल्या तांब्याचा असतो, तेल-घाम लागून घासल्याने येतो आणि पुसला की जातो. रंग जास्त आला म्हणजे गुण जास्त असं काही नाही. मात्र उष्णतेचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तळपाय गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पायांवाटे अंगातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान किंचित उतरतं. झोप लागायला शरीराला हेच हवं असतं. म्हणजे जुन्या बायकांचं रंगाचं कारण चुकलं, पण झोपेचं बरोबर निघालं. मला याचा फार आनंद झाला होता.

मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर दाब देऊ नका, नुसता हात फिरवा आणि त्या निमित्ताने तळवा रोज डोळ्यांनी बघा. कापलेलं, फोड आलेला पायाला कळत नाही, तो डोळ्यांना दिसतो. पाय शेकायला गरम पाणी घेतलंत तर आधी कोपर बुडवून बघा, पायावर विश्वास ठेवू नका.

सात सेकंद

आता हाताच्या वेगाबद्दल. हे कळल्यावर सासूबाईंचं वाक्य मला पुरतं उमगलं.

त्वचेतून स्पर्शाचा निरोप नेणारे मज्जातंतू सगळे सारखे नसतात. काही जाड आणि वेगवान असतात, निरोप सेकंदाला ५० मीटरच्या आसपास नेतात. कुठे हात लागला, कापड सुती की खरबरीत, हे त्यांच्यामुळे तत्काळ कळतं. पण बारीक तंतूंचा आणखी एक प्रकार आहे, जो सेकंदाला जेमतेम १ मीटर चालतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या वेगाने फिरवून हे तंतू केव्हा सर्वांत जास्त जागे होतात ते मोजलं. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, हा तो वेग. आणि नेमका त्याच वेगाचा स्पर्श लोकांना सर्वांत सुखाचा वाटला. त्याहून भरभर फिरवला की सुख कमी, आणि अगदीच रेंगाळला तरी कमी.

हे घरी करून बघा. कोपरापासून मनगटापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर असतात. दुसऱ्या हाताचा तळवा आधी, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून किंवा चहाचा कप धरून, कोमट करून घ्या. आता हाताच्या वरच्या बाजूवरून, जिथे लव असते तिथून, तळवा कोपराकडून मनगटाकडे न्या. पहिल्यांदा एका सेकंदात. काय कळलं? हात फिरला एवढंच. आता तेच अंतर सात सेकंदांत. एक... दोन... तीन... मनात मोजा. चौथ्या-पाचव्या सेकंदाला मला नेहमी मानेमागे काहीतरी सैल झाल्यासारखं होतं. शेवटी पुन्हा तीस सेकंद लावून पाहा. मुंगी चालल्यासारखं वाटून हात झटकावासा वाटेल. सावकाशीलाही एक माप आहे, आणि ते माप आपल्या कातडीत आधीपासून आहे.

आजी बाळाला थोपटून झाल्यावर पाठीवरून हात फिरवते तो वेग आठवा. तिला कुणी सेंटिमीटर सांगितले नव्हते.

हे सावकाश तंतू लव असलेल्या त्वचेत असतात: पाठ, दंड, पोटऱ्या, गाल. तळहात-तळपायांत ते अगदी तुरळक. म्हणून वाटीचं सुख वेगळं, ते दाबाचं आणि उबेचं. वाटी झाली की तोच तेलाचा हात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सात-आठ सेकंदांत एकदा वर न्या. तीन वेळा पुरे. घरात माणूस असेल तर एकमेकांच्या पाठीवरून असा हात फिरवा, न बोलता, टीव्ही बंद करून. आमच्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. हे माझ्याकडे पाठ करून बसले, मी खांद्यापासून कमरेपर्यंत हात खाली आणला, आणि मधेच ते म्हणाले, "थांब, तिथे आणखी एकदा." सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

आंघोळ

दिवाळीच्या पहाटे आपण सगळे सावकाश असतो. तेल, उटणं, कढत पाणी, आणि घरातलं कुणी ना कुणी पाठीला तेल लावून देणारं. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात अभ्यंग रोज करायला सांगितला आहे, आणि डोकं, कान, पाय यांना विशेषकरून. रोज सर्वांगाला तेल आजच्या दिवसात मला जमत नाही, रविवारी जमतं. इतर दिवशी मी फक्त पहिला तांब्या सावकाश घेते. उजव्या खांद्यावर ओतते आणि पाणी कुठून कुठे जातं ते डोळे मिटून ऐकते. एक ओघळ पाठीच्या कण्यातून जातो, एक काखेशी वळतो, एक कोपराच्या टोकावरून थेंब थेंब होऊन पडतो. मग डावा खांदा. बाकीची आंघोळ नेहमीच्या वेगाने. शॉवर असेल तरी हेच, सुरुवातीचं अर्धं मिनिट.

पहिले तीन घास

ऑफिसात माझा डबा सात मिनिटांत संपायचा. कशाची भाजी होती ते संध्याकाळी डबा घासताना कळायचं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे माझा निरोप येईपर्यंत मी फायली उघडून बसलेली असायची. मग चार वाजता वडापाव.

अख्खं जेवण लक्ष देऊन जेवा असं मी सांगणार नाही. घरात चार माणसं जेवायला बसली की बोलणं होणार, हवंच ते. फक्त पहिले तीन घास शरीराला द्या. फोन दुसऱ्या खोलीत. पानात जे असेल ते, पण सुरुवातीला काही दिवस ज्वारीची भाकरी असेल तर उत्तम, कारण ती शिकवते.

पहिला घास कोरड्या भाकरीचा घ्या. भाजी नाही, आमटी नाही. चावा. सुरुवातीला लागेल तो खरपूस, थोडा मातकट स्वाद, तव्यावर जिथे डाग पडला तिथला किंचित कडू. गिळायची घाई होईल, गिळू नका. पंचवीस-तीस वेळा चावून होईपर्यंत भाकरी गोड व्हायला लागते. मनाचा खेळ नाही हा. लाळेतला पाचक रस पिठूळ पदार्थाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतो. लहानपणी विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. मी ते प्रत्यक्ष तोंडात पहिल्यांदा अनुभवलं त्रेपन्नाव्या वर्षी. इतकी वर्षं ही गोडी गिळून टाकत होते.

दुसरा घास तुम्हाला जे आवडतं त्याचा. माझा वरण-भात-तूप-लिंबाचा. तो हाताने कालवा. भाताची ऊब आधी बोटांना कळू दे, तूप विरघळताना बोटं कशी घसरतात ते कळू दे. चमच्याने जेवणाऱ्यांचा हा घास अर्धा राहतो असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या घासाला एक युक्ती आहे, ती मी सगळ्यांना सांगत सुटते. ती समजायला आधी हा प्रयोग करा: नाक चिमटीत धरून पेढ्याचा तुकडा तोंडात टाका. फक्त गोड लागेल, साखर खाल्ल्यासारखं. आता नाक सोडा. एकदम वेलची येते, भाजलेला खवा येतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, आणि तो वास घशामागून नाकात चढतो, श्वास बाहेर सोडताना. म्हणून तिसरा घास गिळून झाल्यावर लगेच चौथा उचलू नका. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. त्या श्वासाबरोबर घास पुन्हा एकदा येतो. हिंगाची फोडणी असेल तर हिंग येतो, कोथिंबीर असेल तर कोथिंबीर. एका घासाचं सुख दोनदा. हे चहालाही करा, आलं घातलेल्या चहाला तर नक्कीच.

"रिकामी बसलीयेस का?"

हे मला कुणी म्हणालं नाही, पण ते कानात सारखं वाजायचं. वाटी हातात घेतली की ओट्यावरची दोन भांडी दिसायची. तिसऱ्या घासाला थांबले की वाटायचं, सगळ्यांचं झालं, आपण आवरायला उठावं. बायकांना हे जास्त होतं, माझ्या ओळखीतल्या प्रत्येकीला झालं आहे. कष्ट करून दमलेलं शरीर आपल्याला चालतं, सुखात बसलेलं शरीर चालत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि रागही येतो. आयुष्यभर ज्या हातापायांनी घर ओढलं, त्यांना दहा मिनिटं द्यायला परवानगी कुणाची मागायची?

मला उत्तर माझ्या आईत सापडलं. चिपळूणजवळच्या आमच्या घरात ती दिवसभर वाकलेली असायची: विहीर, गोठा, चूल. पण दुपारी चार वाजता ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायची. चहा कपातून बशीत ओतायची, बशी दोन्ही हातांत धरून फुंकर घालायची आणि समोरच्या आंब्याकडे बघत एकेक घोट घ्यायची. पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकासा रेटा, झोपाळ्याची कडी कुरकुरायची. त्या दहा मिनिटांत तिला कुणी हाक मारत नसे, आजोबासुद्धा. ती कुणाला समजावत नव्हती, माफी मागत नव्हती. फक्त वेळ ठरलेली होती.

तेव्हा तुम्हीही तेवढंच करा. वेळ ठरवा आणि घरात एकदाच सांगा: "साडेनऊ ते पावणेदहा मला हाक मारू नका." कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. आणि शेजारी एक कागद-पेन्सिल ठेवा. वाटी फिरवताना "मूग भिजवायचे राहिले" आठवलं तर कागदावर "मूग" लिहा आणि परत पायाशी या. मनाला विसरायची भीती असते म्हणून ते सारखं ओढतं. कागदावर आलं की सोडतं. मला पहिल्या आठवड्यात रोज सहा-सात शब्द लिहावे लागायचे. आता एखादा.

आणखी एक सांगायला हवं. शरीराकडे लक्ष नेलं की आधी दुखणी भेटतात. माझा खांदा पहिले पंधरा दिवस जास्तच दुखतोय असं वाटलं. तो तेवढाच दुखत होता, मला आता ऐकू येत होतं. हे ओळखून असा. पण काहींना डोळे मिटून अंगाकडे बघितलं की छातीत धडधडतं, जुन्या वाईट गोष्टी वर येतात. तसं झालं तर डोळे उघडा, खिडकीबाहेर बघा, पाय जमिनीवर टेकल्याचं तेवढं जाणवून घ्या आणि त्या दिवशी थांबा. पुन्हा पुन्हा होत असेल तर जाणकाराशी बोला. जबरदस्तीने यातलं काहीही करू नका.

लोकलमध्ये

जे अजून नोकरीत आहेत ते म्हणतील, तुम्हाला काय, तुम्ही निवृत्त. खरं आहे. पण माझा सगळ्यात उपयोगी पडलेला सराव गर्दीतलाच आहे.

डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. मी कायम फास्टची. तेव्हा फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची, एकदम अंधार, कानात दडे. खांदा आखडल्यावर गर्दीला भिऊन मी आठ महिने स्लो पकडली. वीसेक मिनिटं लवकर निघावं लागायचं, पण बसायला मिळायचं. स्लो गाडी मुंब्र्यावरून जाते. एका बाजूला देवीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. अठ्ठावीस वर्षं त्या मार्गावर काढून मी पावसाळ्यातला तो डोंगर नीट पाहिला नव्हता.

डोंबिवली आणि सीएसएमटीच्या मध्ये २२ स्टेशनं येतात. गाडी थांबायला लागली की ब्रेकबरोबर अंग पुढे झुकतं आणि थांबल्यावर मागे येतं. त्या मागे येण्याबरोबर मी खांदे खाली सोडायची. एवढंच. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. प्रत्येक स्टेशनला एकदा. दरवेळी ते पुन्हा चढलेले असायचे, दरवेळी नवल वाटायचं. खांद्यांची सवय झाल्यावर जबडा घेतला: वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? तोंड मिटलेलं असलं तरी दातांत फट हवी. मग पर्सचा पट्टा धरलेली बोटं. पुन्हा फास्टला परतले तेव्हा स्टेशनं कमी झाली, पण ठाणं आलं की खांदे आपोआप उतरायचे. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकूनही हे करता येतं. उभ्यानेही येतं, आणि कुणाला कळत नाही.

रात्री दिवा मालवल्यावर

उताणं झोपा, हात अंगापासून जरा दूर. दोन बोटं दुसऱ्या हाताच्या नाडीवर ठेवा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते आणि सोडताना सावकाश होते. तरुणांना हे लवकर जाणवतं, माझ्या वयात जरा शोधावं लागतं. एकदा सापडलं की श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, घेताना चार अंक तर सोडताना सहा. रोखून धरू नका. पाचेक मिनिटं.

मग पायाच्या अंगठ्यापासून वर या. फक्त भेट देत जायचं: अंगठा, घोटा, पोटरी, गुडघ्याची मागची खोबण. जिथे काहीच कळत नाही तिथे दोन श्वास थांबायचं. मी २०१६ साली इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहून आले. पहाटे चारची घंटा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. अंगभर लक्ष फिरवणं मी तिथे शिकले, त्याचं ऋण मोठं आहे. मात्र तिथे शिकवतात की सुखद संवेदना आली तरी तिच्यात गुंतू नका, ती जाणारच. ते मला पटतं. तरीही घरी, माझ्या पलंगावर, चादर थंड आणि तळपाय गरम असताना, मी त्या उबेशी मुद्दाम रेंगाळते. जाणारच आहे म्हणून तर.

मी सहसा गुडघ्यांच्या पुढे पोचत नाही, झोप लागते.

परवा लेक पुण्याहून आली होती. रात्री साडेनऊला मी वाटी काढली तशी म्हणाली, "आई, माझ्या पायाला कर ना." पाय माझ्या मांडीवर, हातात फोन, अंगठा भराभर वर सरकतोय. मी काही बोलले नाही. टाचेपासून सुरुवात केली. कमानीशी आले तेव्हा फोन तिच्या पोटावर पालथा पडला. उजवा पाय झाला, मी म्हटलं, "आता दोन्ही पाय फडक्यावर टेकव आणि डोळे मीट." तिने मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "माझा डावा पाय कुठे गेला?"

"आहे तिथेच आहे," मी म्हटलं. "दे इकडे."